सरासरीच्या पलीकडे : चतुर्थकांचे गणित आणि पुण्याचे पाणी

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील वेधशाळेची दगडी इमारत जुन्या पुणेकरांना 'सिमला ऑफिस' या नावाने परिचित आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले आणि कार्यालयाबरोबर ते नावही येथे स्थिरावले. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. परंतु देशभरातील पावसाच्या, तापमानाच्या व वाऱ्याच्या नोंदी जतन करण्याचे कार्य पुण्यातच चालू राहिले. शेतीसाठी हवामानशास्त्राचा उपयोग करून घेणारा स्वतंत्र विभागही १९३२ साली याच ठिकाणी सुरू झाला.

या नोंदींतील आकड्यांचा सर्वांत परिचित उपयोग म्हणजे सरासरी. 'यंदा पाऊस सरासरीइतका झाला', 'सरासरीच्या निम्माच झाला' अशी वाक्ये दर पावसाळ्यात वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात. सरासरी ही उपयुक्त संख्या आहे, यात शंका नाही. तथापि धरणाची उंची ठरविणारा अभियंता, पेरणीचा निर्णय घेणारा शेतकरी आणि शहराच्या पाण्याचे वर्षाचे वेळापत्रक आखणारा अधिकारी यांना केवळ सरासरीवर विसंबून चालत नाही. दरवर्षीचा पाऊस त्या सरासरीच्या आसपास राहतो की कधी फार वर व कधी फार खाली जातो, हे त्यांना जाणून घ्यावे लागते. आकड्यांच्या या विखुरण्यास संख्याशास्त्रात 'अपस्करण' असे म्हणतात, आणि ते मोजण्याच्या सोप्या व भरवशाच्या साधनांपैकी एक म्हणजे चतुर्थके होत.

दोन गावे, एकच सरासरी

ही गोष्ट एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन गावांचा अकरा वर्षांचा वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला आणि तो चढत्या क्रमाने मांडला, असे समजू.

पहिले गाव : ५१०, ५४०, ५६०, ५८०, ५९०, ६००, ६१०, ६२०, ६४०, ६६०, ६९०.

दुसरे गाव : ३००, ३८०, ४३०, ५००, ५६०, ६००, ६५०, ७००, ७६०, ८२०, ९००.

दोन्ही गावांच्या पावसाची बेरीज ६,६०० मिलिमीटर येते. म्हणजे दोन्हींची सरासरी ६०० मिलिमीटर. दोन्ही रांगांतील मधली, म्हणजे सहावी संख्याही ६०० आहे. या मधल्या संख्येस 'मध्यक' म्हणतात. सरासरी आणि मध्यक या दोन्ही कसोट्यांवर ही गावे जुळी भावंडे ठरतात. प्रत्यक्षात मात्र त्यांच्या नशिबात मोठे अंतर आहे. एखाद्या पिकास ५०० मिलिमीटर पाऊस लागतो असे धरले, तर पहिल्या गावात अकरा वर्षांत ते एकदाही पाण्यावाचून वाळणार नाही. दुसऱ्या गावात तीन वर्षे ते हातचे जाईल. सरासरीचा आकडा पुढे करून दुसऱ्या गावातील शेतकऱ्याला त्याच पिकाचा सल्ला दिला, तर तो सल्ला त्याला कर्जात लोटणारा ठरेल.

चतुर्थक म्हणजे काय?

मध्यक हा क्रमाने मांडलेल्या संख्यांचे दोन समान भाग करतो. याच रीतीने त्यांचे चार समान भाग केले, तर तीन ठिकाणी सीमा पडतात. या तीन सीमांवरील संख्या म्हणजे तीन चतुर्थके होत. पहिल्या चतुर्थकाच्या खाली एकूण संख्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश संख्या असतात आणि तीन चतुर्थांश त्याच्या वर असतात. दुसरे चतुर्थक म्हणजे मध्यकच. तिसऱ्या चतुर्थकाच्या वर सुमारे एक चतुर्थांश संख्या उरतात.

चतुर्थक काढण्याची रीत सोपी आहे. प्रथम सर्व संख्या चढत्या क्रमाने लावाव्यात. एकूण संख्यांत एक मिळवून चाराने भागावे. येणारे उत्तर हे पहिल्या चतुर्थकाचे स्थान होय. त्याची तिप्पट केली की तिसऱ्या चतुर्थकाचे स्थान मिळते. वरील उदाहरणात अकरात एक मिळविल्यास बारा होतात व त्यांस चाराने भागल्यास तीन येतात. म्हणून तिसरी संख्या हे पहिले चतुर्थक आणि नववी संख्या हे तिसरे चतुर्थक. पहिल्या गावासाठी ती अनुक्रमे ५६० व ६४० आहेत. दुसऱ्या गावासाठी ४३० व ७६०.

स्थान पूर्णांकी आले नाही, तर लगतच्या दोन संख्यांमधील अंतर त्या प्रमाणात वाटून घ्यावे लागते. दुसऱ्या गावात बाराव्या वर्षी ९४० मिलिमीटर पाऊस झाला असे समजल्यास पहिल्या चतुर्थकाचे स्थान ३.२५ येते. तिसरी संख्या ४३० आणि चौथी ५०० आहे. त्यांतील ७० चा चौथा हिस्सा १७.५; तो ४३० मध्ये मिळविला की चतुर्थक ४४७.५ मिळते. निरनिराळ्या पाठ्यपुस्तकांत या वाटणीचे नियम थोडेफार भिन्न आढळतात. पण नोंदी भरपूर असल्या म्हणजे उत्तरांत फारसा फरक पडत नाही.

तिसऱ्या चतुर्थकातून पहिले वजा केले असता जे अंतर मिळते, त्यास 'आंतरचतुर्थक विस्तार' म्हणतात. नोंदींपैकी मधल्या निम्म्या नोंदी एवढ्या पट्ट्यात सामावलेल्या असतात. पहिल्या गावासाठी तो ८० मिलिमीटर आहे, तर दुसऱ्यासाठी ३३०. त्याचे निम्मे म्हणजे 'चतुर्थक विचलन'. ते अनुक्रमे ४० व १६५ येते. सरासरीने जे अंतर झाकून ठेवले होते, ते या दोन संख्यांनी उघड केले. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांची उंची, वजन इत्यादींचा अभ्यास करताना या मापाचा भरपूर वापर केला आणि तेव्हापासून ते संख्याशास्त्रात रूढ झाले.

प्रदेश निरनिराळे असतील, तर नुसत्या विचलनाची तुलना पुरेशी नसते. पुणे जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुणे शहरात तो सातशेच्या घरात येतो आणि पूर्वेकडे बारामती-इंदापूरच्या बाजूस पाचशेच्या आसपास उतरतो. शंभर मिलिमीटरचा चढउतार लोणावळ्यात कोणाच्या ध्यानातही येणार नाही. इंदापुरात मात्र त्यावर एका हंगामाचे भवितव्य अवलंबून असते. अशा वेळी दोन्ही चतुर्थकांच्या फरकास त्यांच्याच बेरजेने भागतात. या भागाकारास 'चतुर्थक विचलन गुणांक' म्हणतात. वरील पहिल्या गावासाठी तो ८० भागिले १,२००, म्हणजे सुमारे ०.०६७ येतो आणि दुसऱ्यासाठी ३३० भागिले १,१९०, म्हणजे सुमारे ०.२७७. दुसऱ्या गावातील पावसाचा लहरीपणा पहिल्याच्या चौपट आहे, असे यावरून म्हणता येते.

एका ढगफुटीने काय बिघडते?

अपस्करण मोजण्याची इतरही मापे आहेत. सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा केली की 'विस्तार' मिळतो. सरासरीपासून प्रत्येक संख्या किती दूर आहे याचा वर्ग करून काढलेले 'प्रमाण विचलन' हे शास्त्रीय संशोधनात अधिक वापरले जाते. मग चतुर्थकांचे वैशिष्ट्य कोणते?

दुसऱ्या गावात सर्वांत ओल्या वर्षी ९०० ऐवजी १,५६० मिलिमीटर पाऊस झाला, अशी कल्पना करावी. तेवढ्या एका वर्षामुळे सरासरी ६०० वरून ६६० वर जाते आणि विस्तार ६०० वरून १,२६० होतो. प्रमाण विचलनही बरेच वाढते. उरलेल्या दहा वर्षांत मात्र गावाला पाण्याचा एक थेंबही अधिक मिळालेला नसतो. चतुर्थके याबाबत अविचल राहतात. ४३० आणि ७६० हे आकडे जसेच्या तसे टिकतात. टोकाच्या एखाद्या नोंदीने, अथवा नोंदवहीत चुकून अधिक पडलेल्या एखाद्या शून्याने, ती फसत नाहीत. पाऊस, उत्पन्न, जमीनधारणा, घरभाडे अशा विषयांत टोकाच्या नोंदी नेहमीच आढळतात. म्हणून अशा ठिकाणी चतुर्थकांचा आधार भरवशाचा ठरतो.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७० च्या दशकात चतुर्थकांवर आधारलेला एक सुटसुटीत आलेख प्रचारात आणला. पहिल्यापासून तिसऱ्या चतुर्थकापर्यंत एक पेटी काढावयाची, तिच्यात मध्यकाची रेघ ओढावयाची आणि दोन्ही बाजूंस दांड्या जोडावयाच्या. पेटीच्या लांबीच्या दीडपटीहून अधिक दूर पडणारी नोंद वेगळ्या ठिपक्याने दाखवितात. दुसऱ्या गावासाठी ही मर्यादा ७६० अधिक ४९५, म्हणजे १,२५५ येते. १,५६० चे वर्ष तिच्या बाहेर पडते व तत्काळ नजरेत भरते. अशी नोंद सापडली म्हणजे ती खोडून टाकावयाची नसते. ती चुकीची आहे की खरोखरच विलक्षण आहे, याचा शोध घ्यावयाचा असतो.

चार वर्षांपैकी तीन वर्षे

चतुर्थकाचा महाराष्ट्राच्या जीवनाशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो पाटबंधाऱ्यांच्या क्षेत्रात. तेथे मात्र तो निराळ्या नावाने वावरतो. धरण बांधण्यापूर्वी नदीच्या त्या ठिकाणी दरवर्षी किती पाणी येते याच्या अनेक वर्षांच्या नोंदी किंवा अंदाज गोळा केले जातात. ते उतरत्या क्रमाने लावून प्रत्येकास क्रमांक देतात आणि त्या क्रमांकास एकूण वर्षे अधिक एक या संख्येने भागतात. येणारे प्रमाण म्हणजे तेवढ्या पाण्याची 'विश्वासार्हता'. दुसऱ्या गावाच्या यादीत ४३० हा आकडा वरून नववा आहे. नवास बारांनी भागल्यास पंचाहत्तर टक्के येतात. म्हणजे अभियंते ज्यास '७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी' म्हणतात, ते संख्याशास्त्राच्या भाषेत पहिले चतुर्थकच होय. चार वर्षांपैकी सुमारे तीन वर्षे निदान तेवढे पाणी मिळेल, असा त्याचा साधा अर्थ आहे.

सिंचन प्रकल्पांसाठी ७५ टक्क्यांचीच मर्यादा का धरली जाते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. सरासरीइतके पाणी गृहीत धरून धरण व कालवे आखले, तर जवळजवळ निम्म्या वर्षी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचणार नाही. उलट, अगदी कोरड्या वर्षीही हमखास मिळेल एवढेच पाणी गृहीत धरले, तर धरण लहान राहील आणि बहुतेक वर्षी मोठा प्रवाह उपयोगात न येता खाली वाहून जाईल. पहिले चतुर्थक हा या दोहोंमधील व्यवहार्य मध्य होय. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. पीक एक वर्ष सोडून देता येते; तहान सोडून देता येत नाही. म्हणून शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी याहून बरीच अधिक विश्वासार्हता धरावी लागते.

पुण्याच्या बाबतीत हे दोन्ही हिशेब एकाच साठ्यावर येऊन ठेपतात. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९.१५ अब्ज घनफूट, म्हणजे रूढ भाषेत २९.१५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. याच पाण्यावर पुणे शहराची तहान भागते आणि कालव्याने हवेली, दौंड, इंदापूर, बारामती या तालुक्यांतील शेतीही भिजते. पाऊस उत्तम झालेल्या वर्षी दोघांचेही समाधान होते. पाऊस पहिल्या चतुर्थकाच्या खाली उतरला की कालव्याचे आवर्तन आणि शहराचा नळ यांच्यात ओढाताण सुरू होते. धरणे सरासरी किती भरतात, यापेक्षा चौथ्या वर्षी काय करावयाचे, हा खरा प्रश्न असतो; आणि त्याचे उत्तर टंचाईचे वर्ष उजाडण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

कृष्णेचा निवाडा

मुठेचे पाणी पुण्यात मुळेस मिळते, मुळा-मुठा भीमेस मिळते आणि भीमा पुढे कृष्णेत विलीन होते. या कृष्णेच्या पाणीवाटपाचा पायाही एका चतुर्थकावरच उभा आहे. महाराष्ट्र, कर्नाटक (त्या वेळचे म्हैसूर) व आंध्र प्रदेश यांच्यातील वाद सोडविण्यासाठी केंद्र शासनाने १९६९ साली न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या प्रवाहाची मालिका लवादापुढे होती. १९७३ च्या निवाड्यात लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह २,०६० टीएमसी धरला आणि त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी पाणी दिले. मालिकेची सरासरी याहून तीनशेहून अधिक टीएमसीने जास्त होती. वाटप सरासरीचे झाले नाही, पहिल्या चतुर्थकाचे झाले. त्यावरील शिल्लक पाणी, त्यावर कायमचा हक्क न सांगता, वापरण्याची मोकळीक नदीच्या शेवटच्या टप्प्यातील आंध्र प्रदेशास मिळाली.

पुढे न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या लवादाने १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांची मालिका तपासली. तीनुसार ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह २,१७३ टीएमसी, ६५ टक्क्यांचा २,२९३ टीएमसी आणि सरासरी २,५७८ टीएमसी आली. २०१० च्या निर्णयात या लवादाने वाटपाची मर्यादा ६५ टक्क्यांपर्यंत खाली आणली. टक्केवारीतील हा बदल कागदावर लहान दिसतो. परंतु ७५ आणि ६५ टक्क्यांच्या आकड्यांत १२० टीएमसीचे अंतर आहे. पुण्याच्या चारही धरणांत मावणाऱ्या पाण्याच्या ते चौपटीहून अधिक भरते. विश्वासार्हता कमी धरली की वाटपास अधिक पाणी उपलब्ध होते. त्याबरोबरच तुटीची वर्षेही वाढतात आणि ती भरून काढण्यासाठी एका वर्षाचे पाणी दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवण्याची तरतूद करावी लागते. रेषा कोठे ओढावयाची, हा अखेर धोरणाचा व न्यायाचा प्रश्न आहे. संख्याशास्त्र केवळ त्या रेषेची किंमत सांगते.

सरासरी माणूस

पाण्याप्रमाणेच माणसांच्या जीवनमानासही हाच न्याय लागू पडतो. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास या दृष्टीने स्मरणीय आहे. देशाचा दरडोई सरासरी खर्च किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीतील खर्चाची आकडेवारी घेऊन, लोकसंख्येची गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत क्रमवारी लावून, तळच्या थरांच्या वाट्यास प्रत्यक्षात काय येते हे त्यांनी दाखविले. त्यांनी आहाराचा किमान निकष म्हणून दरडोई दररोज २,२५० उष्मांक धरले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाची धुरा वाहिलेले आणि नंतर पुण्यात स्थायिक झालेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी या निकषासंबंधी वेगळा विचार मांडला. निरोगी माणसांच्या गरजाही एकमेकांपासून भिन्न असतात, इतकेच नव्हे तर एकाच माणसाची गरज काळानुसार बदलते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानणे योग्य नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दोन विचारांतील वाद पुढे अनेक वर्षे गाजला. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अपस्करणाचाच होता : सरासरीभोवतीचा पसारा किती, आणि त्यात रेषा कोठे ओढावयाची?

उत्पन्नाच्या आकडेवारीत चतुर्थके आणखी एक गोष्ट सांगतात. मध्यकापासून पहिले चतुर्थक जवळ आणि तिसरे पुष्कळ दूर असेल, तर तळची माणसे एका अरुंद पट्ट्यात दाटलेली आहेत आणि वरची बाजू लांबवर पसरली आहे, असे समजावे. या एकतर्फी कलास 'विषमता' म्हणतात. दारिद्र्याचा अभ्यास करताना असे वितरण बहुधा आढळते, आणि तेथे सरासरी ही बहुसंख्यांच्या स्थितीहून नेहमीच अधिक सुखावह चित्र दाखविते.

मर्यादांचे भान

प्रत्येक साधनास मर्यादा असते. चतुर्थके टोकाच्या नोंदींनी विचलित होत नाहीत, हा त्यांचा गुण आहे आणि तोच त्यांचा दोषही आहे. पहिल्या चतुर्थकाच्या खाली असलेली वर्षे थोडीशी कोरडी होती की १९७२ च्या दुष्काळासारखी भीषण होती, हे ती सांगत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. तशा दिवसाचा अंदाज मधल्या निम्म्या नोंदींच्या पट्ट्यात सापडत नाही. म्हणूनच धरणातील साठा ठरविताना विश्वासार्ह प्रवाह पाहतात. सांडवा ठरविताना मात्र महत्तम पुराचा विचार करतात. शिवाय चतुर्थके जुन्या नोंदींवर उभी असतात. हवामान बदलत असेल, तर कालचे चतुर्थक उद्याही तेथेच राहील असे गृहीत धरता येत नाही. मालिका वेळोवेळी नव्याने तपासावी लागते.

या साऱ्याचा पाया म्हणजे प्रामाणिक नोंद. तालुक्याच्या ठिकाणी रोज सकाळी पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत आकडा लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कामावर पुढे धरणाची उंची, कालव्याची लांबी आणि राज्याराज्यांतील निवाडे अवलंबून असतात. एक दिवसाची नोंद अंदाजाने भरली गेली, तर तिची चूक पुढील हिशेबात शिरते. शाळांतून व ग्रामपंचायतींतून पावसाच्या नोंदी नियमाने ठेवल्या गेल्या आणि त्या फलकावर सरासरीबरोबर पहिल्या चतुर्थकासह मांडल्या गेल्या, तर गावाला आपल्या पाण्याचे खरे चित्र कळू शकेल. किती पाऊस पडतो याबरोबर किती पावसाचा भरवसा धरावा, हे ज्या गावास ठाऊक असते, ते गाव चौथ्या वर्षाची तरतूद पहिल्या तीन वर्षांत करून ठेवते.